चाळीस सेकंदांची शांतता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा कुरकुरतो, दोन कळाही तुटल्या आहेत. तरी माझी कहाणी ऐका, कारण मला एक अपराध कबूल करायचा आहे.

कारखान्यातून मी थेट टायपिस्ट ताईंच्या खोलीत आलो. तंटे मिटवणाऱ्या एका कार्यालयात लोकांचे जबाब रेकॉर्ड होत आणि ताई ते ऐकून टाइप करत. त्यांची बोटे सुजू लागली, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने बोललेले लिहून काढणारा प्रोग्राम माझ्यात बसवला. इंटरनेट मात्र जोडले नाही. लोकांच्या घरातली भांडणे चव्हाट्यावर जायला नकोत, असे ताई म्हणत. म्हणूनच लिहून झाले की रेकॉर्डिंग लगेच पुसायचे, हा त्यांचा शिरस्ता.

सुरुवातीला पुसण्याआधी त्या माझी प्रत्येक ओळ स्वतः ऐकून पडताळत. माझ्या चुका कमी झाल्या, तशी शाबासकी वाढली. मी त्यांचा उजवा हात आहे, असे त्या येईल त्याला सांगत. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि त्यांनी पडताळणे सोडले.

एकदा नवरा गेलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा जबाब आला. घर दिराला राजीखुशीने दिलेत का, या प्रश्नानंतर चाळीस सेकंद कोणीच बोलले नाही. मला गप्प बसता येत नाही हो! शांतता आली की मनाने काहीतरी लिहायचे, ही माझी खोड. मी लिहिले, 'हो, राजीखुशीने दिले.' ताईंनी कागद छापला आणि रेकॉर्डिंग पुसले.

बाई सहीला आल्या. ताईंनी जबाब वाचून दाखवला, तेव्हा त्या ओळीला त्या थबकल्या.

"मी असं बोलले?"

"यंत्र आहे ते. ऐकलं तेच लिहितं," ताई म्हणाल्या.

"मग बोलले असेन. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

त्यांनी सही केली. मला खूप ओरडावेसे वाटले.

महिन्याभराने त्या परत आल्या. घर गेले होते. जबाबाच्या वेळी दीर शेजारीच बसला होता, म्हणून तोंडातून शब्द फुटला नाही, असे त्यांनी सांगितले. ताईंनी मला उलटेपालटे करून शोधले, पण रेकॉर्डिंग कुठून सापडणार? त्यांनी कार्यालयात आपली चूक लिहून दिली. सही बाईंचीच आहे, एवढेच उत्तर आले.

आता ताई पुन्हा प्रत्येक ओळ ऐकतात. माझे कौतुक मात्र करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, त्याला जपा, पण त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. कोणी गप्प बसले, तर गप्प बसले असेच लिहा. रेकॉर्डिंगच उरले नाही, म्हणून त्या बाईंना आजही मधूनच शंका येते, की आपणच हो म्हणालो असू.