खालून घेतलेला दोर

रिकामा गाडा रुळांवरून वर आला, थांबला, खाली गेला, पुन्हा वर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सावधानबाईनं मात्र नाही.

सावधानबाई हे नाव मुकादमानं ठेवलेलं. बोटी दुरुस्त करणाऱ्या त्या लहानशा यार्डात इंजिनिअर म्हणून ती एकटीच. बाळंतपणाची रजा संपवून परतली ती दुप्पट भित्री होऊन, असं मुकादमाचं म्हणणं होतं. त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. घरी ती गॅस बंद केलाय का हे दाराला कुलूप लावून, जिना उतरून, पुन्हा वर चढून बघायची. यार्डात तिनं नव्या विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, पायाचे बोल्ट पान्यानं स्वतः ओढून पाहिले होते, फिटरनं ओढलेलेच. वर सुतळी ताणून दोर गुंडाळायचा ड्रम रुळांच्या बरोबर मध्यावर येतो की नाही हेही बघितलं होतं.

"आता बाळाला झोपवल्यासारखं थोपटा त्याला," मुकादम म्हणाला होता.

बोट वर काढायची रीत तशी साधी. भरती आली की लोखंडी गाडा उतारावरून पाण्यात सोडायचा, बोट त्याच्यावर आणून बसवायची आणि शेडमधल्या विंचनं तारेच्या दोरानं सगळं लटांबर ओढून वर घ्यायचं. ओढताना एक माणूस गाड्याच्या मागून चालतो. गाडा थांबला रे थांबला की त्यानं चाकाखाली लाकडी पाचर ठोकायची. हे काम यार्डाच्या जुन्या सुताराचं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. सावधानबाईही यार्डात मिस्त्रीच म्हणायची, फाटकाबाहेर पडलं की बाबा.

म्हणजे आज नव्या विंचवर पहिली बोट चढणार होती, आणि तिच्या मागून चालणार होते बाबा.

"झालं ना समाधान, बाई?" मुकादमानं विचारलं. "पाणी भरलंय तोवर बोट घेऊन टाकू."

ती ड्रमकडे बघत होती. दोर ड्रमच्या खालच्या अंगानं निघून सरळ उताराकडे गेला होता. दिसायला अगदी नीटनेटकं. आणि तेवढ्यात तिला तो फोन आठवला.

परवा ती डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर बाळ कान धरून भोकाड पसरत होतं. समोरच्या आजीबाई "ओवा शेका, ओवा शेका" म्हणून सांगत होत्या. त्यात फिटरचा फोन.

"मॅडम, दोर ड्रमच्या वरून घेतला तर शेडच्या पत्र्याला घासतोय. खालून घेऊ का?"

"काय?"

"खालून! ड्रमच्या खालून!"

"घ्या, घ्या, खालून घ्या."

त्या क्षणी त्यानं यार्ड विकू का म्हणून विचारलं असतं तरी ती विका, विका म्हणाली असती.

"दोर खालून घेतल्यावर ड्रम उलटा फिरणार," ती आता फिटरला म्हणाली. "मग बटणं बरोबर कशी चालतायत?"

फिटर खूश झाला. कोणीतरी विचारावं म्हणून तो वाटच बघत होता. "मोटरच्या वायरी अदलाबदल केल्या ना! आता 'वर' दाबलं की गाडा वरच येतो."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकचं काय? लागतोय की. बघितलंत ना आत्ता."

बघितलं होतं. रिकामा गाडा मधेच थांबवला तेव्हा तो जागचा हलला नव्हता. पण या विंचचा ब्रेक म्हणजे ड्रमभोवती गुंडाळलेला एक पोलादी पट्टा. ड्रम एका बाजूला फिरू पाहतो तेव्हा असा पट्टा आपणहून आवळतो. भार जितका जास्त, तितका घट्ट. उलट्या बाजूला फिरू पाहिला तर तोच पट्टा सैल पडतो. बाळाच्या टोपीची नाडी एका टोकाला ओढली तर बसते, दुसऱ्या टोकाला ओढली तर सुटते, तसं काहीसं. काही पट्टे दोन्हीकडे धरणारे असतात. हा तसला आहे का? तिनं विंच बनवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ सनई वाजली, मग फोन कटला.

"मुकादम, आधी ओझं घालून बघायचं. बोटीइतकं."

"अहो, कारखान्यात झालीय तपासणी!"

"कारखान्यात दोर वरून होता."

"पाणी ओसरेल बाई!"

"ओसरू दे."

उताराखाली पाण्यात बोट डुलत होती. बोटीची मालकीण तिच्यावरच कठड्याला टेकून उभी होती. तिचा आवाज भोंग्याला हरवणारा. "काय चाललंय वरती? माझा नंबर आहे ना?"

मुकादमानं दोन्ही हात आभाळाकडे केले, म्हणजे विचारा हिलाच.

मिस्त्री पाचर बगलेत मारून वर आले. चारचौघांत ते लेकीशी नको इतक्या अदबीनं बोलायचे. "बाई, मी काय म्हणतो, मी इतकी वर्षं गाड्याच्या मागून चालतोय. कधी काही झालंय का?"

"मिस्त्री, तुम्ही शेडच्या भिंतीपाशी उभे राहा."

"आणि पाचर?"

"ती हातात धरून उभे राहा."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, पण भिंतीपाशी काही गेले नाहीत. फिटरचा चेहरा मात्र पडला होता. तीन दिवस खपून उभं केलेलं काम सगळ्यांदेखत संशयात आलं होतं. तो काहीतरी बोलणार, इतक्यात तीच म्हणाली, "दोर खालून घ्या असं यांना मीच सांगितलं. फोनवर. माझं लक्ष नव्हतं. चूक निघाली तर ती माझी. नाही निघाली तर उद्यापासून मला वाट्टेल ते म्हणा."

"सावधानबाई तर म्हणतोच," मुकादम पुटपुटला, पण त्यानं क्रेनवाल्याला हात केला.

गाड्यावर सिमेंटचे ठोकळे चढले, गंजक्या साखळ्यांची भेंडोळी चढली, एक मोडका नांगर चढला. मालकीण खालून ओरडली, "अहो, दगडांचा नंबर माझ्या आधी लागला होय!"

मग सावधानबाईनं सगळ्यांना रुळांवरून हटवलं, बोटही रुळांच्या रेषेतून बाजूला घ्यायला लावली. ताणलेल्या दोराच्या आजूबाजूला कुणी नाही, दोर ओलांडायचा नाही, गाड्याच्या मागे तर चिटपाखरूही नको. खूण एकटी तीच करणार. फिटर जाळीच्या आड बटणांपाशी. मिस्त्री अजून रुळांच्या कडेलाच घोटाळत होते. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग ते पाय ओढत भिंतीपाशी गेले, शाळेतल्या मुलाला कोपऱ्यात उभं केल्यासारखे.

तिनं हात वर केला. मोटर गुरगुरली, दोर ताठ झाला, गाडा कुरकुरत चढू लागला. निम्म्या उतारावर तिनं मूठ आवळली. मोटर थांबली. ब्रेकचा खट्ट आवाज आला.

गाडा उभा राहिला.

"झालं स..." मुकादमानं तोंड उघडलं.

एक चाक किंचित मागे सरकलं. झोपेत कूस बदलावी इतकंच. मग दुसरं. मग ड्रम घुमायला लागला, जळक्या रबरासारखा वास आला आणि तो सगळा ढिगारा, ठोकळे, साखळ्या, नांगर, मागच्या मागे उतारावरून धडधडत सुटला. फिटरनं लाल बटण दाबलं, दाबूनच धरलं. मोटर तर आधीच बंद होती, आणखी काय बंद होणार! गाडा पाण्यात घुसला तेव्हा उसळलेलं पाणी मालकिणीला डोक्यापासून न्हाऊ घालून गेलं.

सावधानबाईनं गाड्याकडे बघितलंच नाही. तिची मान आधी भिंतीकडे वळली होती. मिस्त्री तिथंच होते. दोन्ही हातांत पाचर, छातीशी घट्ट धरलेली.

 ती होती तिथंच, विंचच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर मटकन बसली.

 ड्रम थांबला होता. गाडा पार तळाला गेला तरी ड्रमवर काही वेढे उरतील इतका लांब दोर घ्यायचा हा नियम तिनं पाळून घेतला होता, म्हणून टोक सुटलं नाही. मग बोटीवरून मालकिणीचा आवाज आला, पण आता भोंग्यासारखा नव्हे. "त्या जागी माझी बोट असती तर?"

"तर गेली असती," मुकादम म्हणाला. त्यानं मिस्त्रींकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

"मग मी थांबते हो," मालकीण केस पिळत म्हणाली. "पाण्यात आहे ती, बुडत नाहीये. सावकाश करा."

त्यावर कोण आधी हसलं कळलं नाही. बहुतेक फिटर. पण एकदा सुरू झाल्यावर सगळेच हसत सुटले, मुकादम तर डोळे पुसत. सावधानबाईला हसता हसता रडू आलं आणि रडता रडता उचकी लागली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिला धड बोलताही येईना.

"काय गं, काय झालं? रडतेयस का?"

"काही नाही. काहीच झालं नाही. काही झालं नाही म्हणून तर." तिनं नाक पुसलं. "बाळाचा कान?"

"कान मस्त आहे. आता माझं डोकं खातंय. पातेलं हवंय त्याला, पोळपाट नकोय. तू नीट आहेस ना?"

"नीट आहे. सगळे नीट आहेत."

हे वाक्य तिनं फोन ठेवल्यावर मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत मिस्त्री डबा घेऊन तिच्याशेजारी येऊन टेकले. त्यांनी डबा उघडला.

"माझ्यासाठी केलंस का हे सगळं?"

"नाही. पाचर मारणाऱ्यासाठी. तो कोण का असेना."

"बरं." त्यांनी घास खाल्ला. "पण मीच होतो."

"हो."

"चाकाच्या इतका जवळ उभा राहतो मी," त्यांनी डब्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर दाखवलं. "बघून बघून सवय झाली होती बघ. भीती वाटायची सुरुवातीला. मग केव्हा गेली कुणास ठाऊक." मग एकदम आवाज चढवून, "आणि तू काय जेवतेस की नाही? पोळी तशीच आहे!"

ती जेवली. चव नेहमीचीच होती, पण तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

संध्याकाळपर्यंत फिटरनं शेडच्या पत्र्याची कड कापून गोल वळवली, दोर काढून वरच्या अंगानं पुन्हा गुंडाळला, मोटरच्या वायरी मुळात होत्या तशा जोडल्या. जळका पट्टा काढून नवा घातला. स्वतःचंच काम उकलावं लागलं म्हणून त्याला अपमान वाटत असेल अशी तिला धास्ती होती. पण तो काम करता करता चक्क गुणगुणत होता. "मॅडम, खरं सांगू?" तो म्हणाला. "ती बोट माझ्या हातून सुटली असती तर मी पुन्हा विंचला हात लावला नसता. आज रात्री झोप लागेल मला."

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला तेच ठोकळे, त्याच साखळ्या पुन्हा गाड्यावर चढल्या. निम्म्या उतारावर मूठ, खट्ट, आणि गाडा उभा. उभाच. सगळे श्वास धरून बघत राहिले. मुकादम म्हणाला, "अजून एक ठोकळा टाका." टाकला. गाडा ढिम्म हलेना. मुकादमानं फिटरच्या पाठीत असा काही धपाटा घातला की तो ठसकला.

मग बोट. मागे कुणी नाही. मिस्त्रींनी रात्रीतून पाचरींना लांबलचक दांडे बसवून आणले होते. बाजूला उभं राहून पाचर सरकवायची. "पाव भट्टीत ढकलल्यासारखं वाटतंय," ते कुरकुरले, पण ढकलली, आणि बरोबर बसली. बोट वर आली, पाणी गाळत, पोटाखाली शेवाळाची दाढी घेऊन. खट्ट. पाचरी चारी चाकांना. सावधानबाईनं हात खाली घेतला आणि सेकंद न मोजता वाट बघितली, आपोआप दुसरीकडे बघावंसं वाटेपर्यंत.

मालकीण शिडीवरून उतरली आणि बोटीच्या पोटावरून हात फिरवू लागली. "मागून बघू का हो? तिकडूनच पाणी येतंय. चालेल का तुमच्या सावधानबाईंना?"

"चालेल," सावधानबाई म्हणाली. "मीही येते."

ती गाड्याच्या मागे गेली. इतक्या दिवसांत त्या जागी ती कधी उभी राहिली नव्हती. तिथून वरचं काहीच दिसत नव्हतं. ना विंच, ना शेड, ना माणसं. समोर फक्त बोटीची भलीथोरली ओली पाठ, आभाळ झाकून टाकणारी.

मिस्त्री तिच्याशेजारी आले.

"इथून विंच दिसतच नाही," ती म्हणाली.

"नाही दिसत."

"मग इतकी वर्षं तुम्हाला कळायचं कसं, वर काय चाललंय ते?"

"कळायचं नाही." त्यांनी खांदे उडवले. "वर कोणीतरी आहे म्हणायचं आणि चालायचं."

 तिनं त्यांचा दंड धरला, बाळाचा धरते तसा, जरा जास्तच घट्ट. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते बोटीची फळी ठोकून ऐकत होते. इथं भरीव, इथं भरीव, इथं मात्र भद्द.

"ही कुजलीय," ते मालकिणीला म्हणाले. "ही काढायला लागणार. आणि हिच्या खालची बघू द्या जरा."