अंजना गिटार शिकते

पुण्याच्या कॉलेजात वर्ष काढलं न काढलं तोच सार्थकची गिटारची हौस फिटली. दिवाळीला त्याने ती गावी, निरगुडसरला आणली, खुंटीला अडकवली आणि परत गेला. त्याची आई अंजना झाडलोट करताना ती पुसायची. पुसताना एखादी तार वाजायची. पुढे पुढे ती मुद्दामच वाजवू लागली.

"एवढी चांगली वस्तू मुकी कशाला ठेवायची?" एकदा ती नवऱ्याला म्हणाली. "मी शिकते."

सोपान हसला नाही. "शीक की. मंचरला एष्टी स्टँडच्या मागं तो रिजवान हाये, कॅशेटच्या दुकानवाला. ऑर्केस्ट्रात वाजवतो. बाजाराला जातेसच तू."

रिजवानकडे आजवर कॉलेजची पोरंच यायची. भाजीच्या पिशवीबरोबर गिटार घेऊन आलेली बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली. त्याने स्टूल पुढे सरकवलं, तारा सुरात लावल्या आणि तिचं बोट तारेवर ठेवलं. अंजनाने दाबलं, तर एका बोटाखाली दोन तारा दबल्या.

"बोटं जाडी हायेत माझी," ती ओशाळून म्हणाली.

"जाडी न्हाईत ताई, नवखी हायेत." रिजवानने चार बोटांचा धडा दाखवला. एकेक बोट क्रमाने टेकवत प्रत्येक तारेवर खाली जायचं आणि तसंच वर यायचं. "हे रोज करायचं. गाणं मागनं."

अंजनाने ते शब्द गाठीशी बांधले. दुपारी गुरांना पाणी दाखवून झालं की ती पडवीत बसायची आणि धडा घोटायची. बोटांची टोकं आधी हुळहुळली, मग टणक झाली. एकाखाली एकच तार दबू लागली. पण गाण्याचं नाव काढायची तिची तयारी नव्हती.

"अगं, एखादं गाणं तरी वाजव," सोपान म्हणायचा. "घरात काय बिघडलंय का म्हणून लोकं विचारत्यात."

"आधी हात बसू द्या."

हात बसत होता, पण मन उठत चाललं होतं. एका दुपारी गिटार घ्यायचं टाळून ती निवडलेलेच गहू पुन्हा निवडत बसली. तेवढ्यात शेजारच्या साळुबाई विरजण मागायला आल्या. गिटारकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे नुसतं टकटक वाजतं का? माझ्या हळदीत बायांनी म्हणलेलं गाणं वाजव की."

साळुबाईंनी चाल धरली. अंजनाने एकाच तारेवर चाचपडत सूर शोधले. दोनदा चुकली, आणि मग सबंध ओळ सापडली. साळुबाईंनी विरजणाची वाटी खाली ठेवून फेर धरला. अंजनाला इतकं हसू आलं की पुढची ओळ वाजवताच येईना.

त्या दिवसापासून पडवीत बायांचा घोळका जमू लागला. अंजनाने रिजवानकडून कॉर्ड शिकून घेतल्या. तीन-चार तारा एकदम दाबल्या की गाण्याला भरीव साथ मिळायची. रोज नवं गाणं, रोज दंगा. चार बोटांचा धडा कधी सुटला ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

मग तिच्या पुतणीच्या, अक्षदाच्या बाळाचं कळंबला बारसं निघालं. बाया गिटारसकट अंजनाला घेऊन गेल्या. पाळण्याचं गाणं झोकात सुरू झालं. पण कॉर्ड बदलायची वेळ आली की बोटं अडखळायची. गाणं पुढे निघून गेलं आणि गिटार मागे राहिली. शेवटी साळुबाई थांबल्या. "अंजने, ये गं बाई! आमी म्होरं येऊन उभ्या हाय!"

सगळ्या खो खो हसल्या. अंजनाही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पण परतताना जीपमध्ये तिला रुखरुख लागली. गाण्यात सगळ्या जिथे एकत्र पोचतात, नेमकी तिथेच ती नव्हती.

पुढच्या बाजारी तिने रिजवानला सगळं सांगितलं. "आता गाणी बंद. नुसता धडाच करते."

"मग महिन्याभरात गिटार परत खुंटीला जाईल," रिजवान म्हणाला. "मलाबी धड्याचा कंटाळा येतो, ताई. कुठं अडलं, तेवढं वाजवा."

तिने वाजवलं. दोनच ठिकाणी बोटं अडत होती.

"एवढ्याच दोन जागा रोज सावकाश घोळवा. त्याआधी थोडा धडा, बोटं मोकळी व्हायला. मग अख्खं गाणं वाजवा, मजेत. तवा चुकलं तरी थांबायचं न्हाई."

घरी आल्यावर तिने सोपानला घमेलं पालथं घालून ठेका धरायला बसवलं. तो लगेच रंगात येऊन पळत सुटायचा.

"आवो, शर्यत न्हाई ही! हळू."

"लई कडक मास्तरीण हायेस राव तू," म्हणत तो पुन्हा पहिल्यापासून ठेका धरायचा. सावकाश, मग थोडं भरभर. अडलेल्या जागा सुटल्या की दोघं मिळून गाणं म्हणायची. सोपानचा आवाज भसाडा होता, पण त्याची पर्वा कोणालाच नव्हती.

उन्हाळ्यात साळुबाईंच्या नातवाचं लग्न निघालं. हळदीच्या मांडवात अंजना गिटार घेऊन मधोमध बसली. गाणं वळणावर आलं, तशी बोटं आपसूक सरकली. बाया, टाळ्या आणि गिटार एकाच क्षणी पोचल्या. साळुबाईंनी तर मांडवाचा खांब धरून गिरकी घेतली.

तेवढ्यात नवरीकडच्या एका बाईने वेगळंच गाणं सांगितलं. अंजनाने ते कधी ऐकलंही नव्हतं.

"हे मला येत न्हाई बाई," ती म्हणाली आणि गिटार नीट मांडीवर घेतली. "पण तुमी म्हणा. मी मागनं शोधत येते."