सुंदरीचा खिळा

ते साल १९९४. मद्रास अजून मद्रासच होतं. तंजावुरात घरोघर रंगीत टीव्ही येऊ लागले होते, आणि परदेशी यंत्र मागवायचं तर आता दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत, अशी नवलाची बातमी लोक कॉफी पिता पिता एकमेकांना सांगत होते. त्याच साली चंद्रमतीबाईंनी साठी उलटल्यावर होडी घेतली.

होडी म्हणजे त्यांच्या घरची हौस नव्हती. तिरुवैयारूच्या उत्तरेला कोळ्ळिडम नदीच्या पोटात वाळूचं एक बेट आहे, मरुदंतिट्टु. तिथे काही घरं, नारळाची झाडं, थोडं भाताचं शेत. उन्हाळ्यात माणसं वाळूतून चालत अलीकडे येतात, पण दिवाळीचा ऐप्पसी महिना लागला, वरच्या धरणातून पाणी सुटलं, की बेट एकटं पडतं. तंजावूरच्या मराठा राजांच्या काळी या घरातल्या कुणा पूर्वजाने नवस बोलला होता, की बेटावरच्या माणसांना पुरात तारून न्यायला आपण एक होडी कायम ठेवू. राजे गेले, साहेब आले, साहेबही गेले, होडी राहिली. पहिल्या होडीला घरच्या सुनेचं नाव दिलं होतं, सुंदरी. त्यानंतर जितक्या झाल्या तितक्या सगळ्या सुंदरीच.

आणि सुंदरी म्हणजे तरी काय? एक खिळा. वीतभर लांबीचा, तांब्याचा, टोकदार. जुनी होडी मोडली की तिच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, तो खिळा काढायचा आणि नव्या होडीच्या नाळेत ठोकायचा. लाकूड बदलत गेलं, खिळा तोच. ठोकायचा तो घरच्या सुनेने, आणि ठोकताना नाळेवर कोरी साडी पांघरायची, नवरीच्या तोंडावर पदर ओढावा तशी. खिळा बसेपर्यंत होडीला कोळ्ळिडमचं पाणी दिसता कामा नये. दिसलं तर ती पाण्याला भिते, असं म्हणत.

आदल्या वर्षीच्या पुरात सुंदरी बुडाली होती. रघोजी नावाडी आपल्या लेकीला, भुवनाला, बाळंतपणासाठी अलीकडे आणत होता. मध्यावर एक ओंडका येऊन धडकला, फळी फुटली, एवढंसं भोक पडलं. चंद्रमतीबाई काठावरच उभ्या होत्या. होडी सावकाश, लाज वाटल्यासारखी, पाण्याखाली गेली. माणसं बेटावरून टाकलेल्या दोराला धरून परत बेटाला लागली, पण भुवना तिथेच अडकली आणि तिचं मूल जगलं नाही. पाणी उतरल्यावर वाळूत फक्त नाळ सापडली, खिळ्यासकट.

तेव्हापासून बाईंना दुपारी एक स्वप्न पडे. जेवण झालं, डोळा लागला, की शेतांवर पांढरं पाणी पसरलेलं दिसे, पार आभाळाला टेकलेलं. त्या पाण्यावरून एक होडी यायची, वल्ह्याशिवाय, माणसाशिवाय, अगदी बिनआवाज. ती जवळ आली की बाई हात पुढे करीत, आणि तेवढ्यात जाग येई. उठल्यावर हाताला गार वाटत राही.

उन्हाळ्याच्या तोंडाला भुवनाला पुन्हा दिवस गेले. रघोजी सांगायला आला तो दाराशीच उभा राहिला.

"कार्तिगैत होईल, अक्कासाहेब," तो म्हणाला. मग अंगणाकडे पाहत म्हणाला, "पाण्याच्याच दिवसांत."

"होडी असेल," बाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण शब्द दिला.

घरात वडीलधारे म्हणजे त्यांचे मोठे दीर बाळकृष्णराव, निवृत्त हेडमास्तर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चांगलं लाकूड आणावं, नागपट्टणचा सुतार बोलवावा. पण त्यांचाच मुलगा रघुराम मद्रासच्या बंदरात इंजिनियर होता, आणि तो सुटीत आला तो रंगीत चित्रांची पुस्तकं घेऊन.

"काकी, ही पाहा. खाली कडक तळ, फायबरचा. कडेने ही रबराची फुगीर नळी. आपटली तरी फुटत नाही."

"रबराची?" बाळकृष्णराव आतून ओरडले. "पोरांना जत्रेत फुगे घेतात तसं का रे?"

"अप्पा, नौदल वापरतं हे."

"नौदलाला खिळा ठोकायचा नसतो!"

बाईंनी चित्राकडे पाहिलं. करड्या रंगाची, जाड ओठांची, पाण्यावर निवांत बसलेली ती होडी त्यांना म्हशीसारखी वाटली. म्हैस बुडालेली कुणी पाहिली नव्हती.

मग निवड सुरू झाली, आणि ती बाईंनी आपल्या पद्धतीने केली. मद्रासचे विक्रेते कृष्णस्वामी यांनी रबराचे दोन तुकडे टपालाने पाठवले होते. एक चकचकीत, एक साधा. बाईंनी ते गच्चीवर नेले आणि ताकात मुरवलेल्या मिरच्यांच्या शेजारी चादरीवर ठेवून दिले. चित्तिरै महिन्यातलं तंजावूरचं ऊन, दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही. रोज संध्याकाळी मिरच्या गोळा करताना त्या तुकडे दाबून पाहत. शेजारची वेंकूबाई कठड्यावरून डोकावून म्हणे, "चंद्री, हे कसलं गे वडाम? तळून खायचं का?"

"पावसाळ्यात खाऊ," बाई म्हणत.

मिरच्या वाळून खडखडीत झाल्या तोवर चकचकीत तुकड्याचा जोड गुळासारखा चिकट होऊन सुटला होता. साध्याला काही झालं नव्हतं. साधा ठरला.

आडी महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, पुदु आराला, म्हणजे गावातून जाणाऱ्या कालव्याला, पाणी आलं. कृष्णस्वामी लॉरीवर दोन होड्या घालून तंजावुरात उतरले. गोरे, घामेजलेले, बोलायला गोड. बघायला निम्मं गाव कालव्याच्या काठी जमलं. पहिली होडी पेट्रोलची. यंत्र मागे टांगलेलं, हलकं. ती पाण्यावरून अशी सुटली की काठावर धुणं धुणाऱ्या बायकांचे पदर उडाले. रघोजीने टाळ्या पिटल्या. "हीच! अक्कासाहेब, हीच! हिला हॉर्न पण बसवता येईल!"

दुसरी डिझेलची. यंत्र मधल्या पेटीत, अंगाने जड, आवाज पंपासारखा, भट-भट-भट. ती कालव्यातून शांतपणे वर गेली, शांतपणे खाली आली. उथळ पाण्यात मागचा पंखा वर उचलता येत होता.

"हिचा वेग कमी आहे, मॅडम," कृष्णस्वामी म्हणाले. "खरं सांगतो, सगळे पहिली घेतात."

"ही पिते काय?"

"डिझेल."

बाई त्या आवाजाकडे कान देऊन उभ्या राहिल्या. भात लावणीच्या दिवसांत माहेरी पहाटे हाच आवाज येई. शेताशेतांतून पंप सुरू होत आणि वाफ्यांत पाणी चढे. बेटावर प्रत्येक शेडमध्ये असा एक पंप होता आणि त्याच्याजवळ डिझेलचा डबा. पूर आला, रस्ते तुटले, तर पेट्रोल कुठून आणायचं? आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी बसून विडी ओढायचं बेटावरचे म्हातारे काही सोडणार नव्हते.

"हिला काही झालं, तर पंपवाला दुरुस्त करेल का रे, रघू?"

"बराचसा करेल, काकी."

"मग हीच. पळायचं कुणाला आहे? पोचायचं आहे."

निघताना कृष्णस्वामींनी फुगीर नळीवर थाप मारली. "आत कप्पे आहेत, मॅडम. एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात."

"सगळे विकणारे असंच सांगतात," बाळकृष्णराव म्हणाले. त्यांनी होडीकडे पाहिलं नव्हतं, सबंध वेळ छत्रीच्या मुठीकडे पाहिलं होतं. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चंद्रमती, तू घे. पण जिच्यात खिळा बसत नाही ती आपली होडी नव्हे. मी तिला सुंदरी म्हणणार नाही, आणि बेटावरचंही कुणी म्हणणार नाही. ते चढतील का बघ मग."

हे खरं होतं. बेटावरची माणसं सुंदरीत चढत. नुसत्या होडीत, तेही आदल्या वर्षीनंतर, ती चढली नसती. भुवना तर नाहीच.

रघुरामाने तोड काढली. होडीच्या तोंडाशी, फायबरवर, त्याने विळीच्या पाटाएवढा सागाचा ठोकळा घट्ट बसवला. खिळा त्यात जाईल, होडीला ओरखडाही नाही. बाळकृष्णरावांनी ठोकळा बोटांनी वाजवून पाहिला आणि मुहूर्त काढायला पंचांग मागवलं. हाच त्यांचा होकार.

पुरट्टासी महिना सरता सरता, ऐप्पसी लागायच्या आधी, कोळ्ळिडमच्या काठी खिळ्याचा समारंभ झाला. नदीला पाणी आलं होतं, पण अजून मवाळ होतं. बेटावरची माणसं आपल्या वल्ह्यांच्या लहान डोंग्यांतून काठाकाठाने आली. भुवना वाळूत एका बाजूला बसली होती, दोन्ही हात पोटावर, नदीकडे पाठ करून. होडी सकाळपासून उन्हात उभी. बाळकृष्णरावांनी रेशमी फडक्यातून खिळा काढला. कोरी साडी होडीच्या तोंडावर पसरली गेली, मोरपिशी, लाल काठाची, आणि ती पुरेशी लांब होती म्हणून कुणीतरी ती दोन्ही बाजूंनी चांगली खाली ओढली.

बाईंनी हातोडी घेतली. साडीखाली काय कुठे आहे ते दिसत नव्हतं. त्यांनी तळहाताने चाचपलं. घट्ट लागलं, टणक. उन्हाने आतली हवा फुगून रबर लाकडासारखं झालं होतं, हे त्यांना कसं कळावं? खिळा ठेवला, कुलदेवीचं नाव घेतलं आणि जोराने घाव घातला.

साडी एकदम फुगली. मग आतून लांब, सावकाश फुसकारा आला, झोपेतल्या माणसाने सुस्कारा टाकावा तसा, आणि मोरपिशी साडी हळूहळू खाली बसत गेली.

रघुरामाने कपाळावर हात मारला. "काकी! ठोकळा इकडे होता!"

"संपलं," बाळकृष्णराव म्हणाले. "पाण्यात जायच्या आधीच गेली."

बेटावरची माणसं मागे सरकली. भुवनाने मान वळवली होती. ती होडीकडे पाहत नव्हती, बाईंकडे पाहत होती.

बाईंना वाटलं, आपण आपल्या दुपारच्या स्वप्नात उभ्या आहोत. तेच पांढरं पाणी, तीच रिकामी होडी, आणि आता जाग येणार. पण जाग आली नाही. हातात हातोडी होती. डोक्यात कृष्णस्वामींची ती थाप वाजली, विकणाऱ्याची थाप, आणि त्यांना वाटलं, खरं की खोटं ते पाहायला याहून बरी वेळ कोणती?

"रघोजी, लोट तिला पाण्यात."

"अक्कासाहेब, भोक..."

"भोक आहे म्हणूनच लोट."

त्या स्वतः चढल्या. नऊवारीचा काष्टा आवळून, रबराच्या त्या ढिल्या ओठावरून पाय टाकून आत बसल्या. रघोजी चढला, रघुराम चढला. भट-भट सुरू झालं. समोरची एक बाजू दात पडलेल्या जबड्यासारखी लोंबत होती आणि तिथून थोडं पाणी आत उडत होतं. पण होडी गेली. बेटाला लागली. वळली. काठावरची माणसं हात कपाळाशी धरून पाहत होती. धारेच्या मध्यावर, जिथे गेल्या वर्षी सुंदरी बुडाली होती, तिथे बाईंनी रघोजीला यंत्र हळू करायला सांगितलं. होडी तिथे नुसती तरंगत राहिली, थोडी वाकडी, थोडी ओली. बाईंनी हात पाण्यात सोडला. पाणी कोमट होतं.

परत आल्यावर त्या उतरल्या त्या सरळ भुवनाकडे गेल्या. "मागचीला एक भोक पडलं आणि ती गेली. हिला मी माझ्या हाताने भोक पाडलं. बघितलंस ना?"

रघोजीने हात दिला तशी भुवना उठली, होडीजवळ गेली, आणि फुटलेल्या जागी बोट घालून पाहिलं. मग खुदकन हसली. "म्हातारीने बरोबर नाकातच खिळा मारलाय! मूगुत्ति घालायची का हिला, चमकी?"

सगळा काठ हसला. बाळकृष्णरावांनी साडीबरोबर वाळूत गळून पडलेला खिळा उचलला, फडक्याने पुसला आणि रघुरामापुढे धरला.

"रघू," ते म्हणाले, "हे रबर चिकटवता येतं म्हणतोस. मग याचा एक खिसा कर. ताईत असतो ना, तसा. खिळा आत ठेव आणि तोंड बंद कर."

"ठोकायचा नाही, अप्पा?"

"ठोकून झालाय. गाव साक्षी आहे." आणि मग नदीकडे पाहत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "सुंदरी."

कार्तिगैत पाणी आलं, आदल्या वर्षीपेक्षाही जास्त. भर दुपारी, पावसाने सगळं राखाडी झालं असताना, बेटावरून भट-भट आवाज आला. भुवना होडीच्या तळाशी गोणपाटावर बसून होती आणि एका हाताने तिने तो खिसा धरला होता. तिरुवैयारूच्या इस्पितळात पोचल्यावर बाळाने दोन दिवस सगळ्यांना ताटकळत ठेवलं, आणि मग मुलगी झाली.

पुढे कोळ्ळिडमवर पूल झाला, बेटाच्या अगदी अंगावरून. ती सुंदरी बरीच वर्षं चालली. यंत्र दोनदा बदललं, दोन्ही वेळा पंपवाल्यानेच. रघोजीला हॉर्न मिळाला. तो शेवटपर्यंत विनाकारण वाजवीत असे, आणि एका उन्हाळ्यात झोपेत गेला. बाळकृष्णराव त्याआधीच गेले. शेवटच्या आजारात कुणी भेटायला आलं की ते रबराच्या होडीची निवड आपण कशी केली ते सविस्तर सांगत, आणि चंद्रमतीबाई मान डोलवीत. रघुराम सिंगापूरला गेला, तिथेच राहिला; त्याच्या मुलांना मराठी कळते, बोलता येत नाही. कृष्णस्वामींनी धंदा वाढवला आणि गिऱ्हाइकापुढे खिळ्याची गोष्ट सांगायला कधी विसरले नाहीत. वेंकूबाईने गच्चीवरून डोकावणं सोडलं नाही. भुवनाची मुलगी श्रीविद्या कुंभकोणमला नर्स आहे. होडी मोडीत निघाली तेव्हा रबराचा खिसा तिने कापून घेतला. तो तिच्या पेटीत आहे, आत खिळा आहे, आणि पुढची सुंदरी कोणी घेईल तर तो द्यायला ती तयार आहे.

चंद्रमतीबाई नव्वदीपर्यंत जगल्या. दुपारी झोपत. स्वप्न पडायचं थांबलं नाही. तेच पांढरं पाणी, तीच होडी. एवढंच की आता ती येण्याआधी लांबून भट-भट ऐकू यायची, आणि त्या हात पुढे करून वाट पाहत पडून राहायच्या.