देव्हाऱ्यातला कायदा

मित्रांनो, माझ्या अंगावरचं हळदकुंकू पाहून हात जोडू नका. मी देव नाही. देशाच्या संरक्षण व्यवस्थेत सुधारणा करणाऱ्या नव्या कायद्याची मी एक जुनी प्रत आहे.

सरकारी छापखान्यात जन्मले तेव्हा मी फार तोऱ्यात होते. माझ्या सातव्या कलमात लिहिलं होतं, की किनाऱ्याच्या राखणीत पंचवीस वर्षांपर्यंतच्या मच्छीमार मुलींनाही घ्यावं. आचऱ्याजवळच्या एका वाडीतल्या मच्छीमार सोसायटीत मी पोचले. अध्यक्ष रामचंद्रकाका भला माणूस. त्यांनी मला कचेरीतल्या देव्हाऱ्यात ठेवलं, हार घातला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो नवो कायदो इलो आसा. आमचो दर्या राख रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." उघडून मात्र कोणीच पाहिलं नाही. खरं सांगते, तेव्हा मला त्या मानाचं सुखच वाटलं.

वाडीतल्या रुक्मिणीची मुलगी रसिका तेव्हा तेवीस वर्षांची होती. समुद्रातली बोट आपली की परकी, हे ती इंजिनाच्या आवाजावरून सांगे.

"काकानू, माका राखणीत घ्या," ती म्हणाली.

"बायलमाणसांक घेवची कायद्यात सोय नाय गो. असती तर माका कळली नसती?"

पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. जाताना तिने माझ्यासमोरच हात जोडले. तिचं उत्तर माझ्या पोटात होतं आणि मी हार घालून गप्प बसले होते. त्या नमस्काराची मला आजही लाज वाटते.

गेल्या दसऱ्याला देव्हारा पुसताना रसिकाने मला उचललं आणि सहज उघडलं. सातवं कलम तिने काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. महिन्यापूर्वीच तिची पंचवीस वर्षं पूर्ण होऊन सव्विसावं लागलं होतं; कलमाची मुदत तिच्यासाठी संपली होती.

काकांनी मान खाली घातली. "मियां वाचूक नाय गो, नुसतो पुजलंय. माका माफ कर."

रसिकाने कलमावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या शेजारची दीपिका एकोणीस वर्षांची आसा. तिचा नाव आजच घाला."

दीपिकाचं नाव लागलं. आता दर शनिवारी रसिका जाळी ठेवायच्या खोपीत, मांगरात, वाडीतल्या मुलींना मला वाचून दाखवते. हार गेला, पानांना माशांचा वास लागला, त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात माझं एखादं भावंड असेल, तर त्याला फुलं वाहू नका, वेळेवर वाचा. सातव्या कलमापाशी आली की रसिका 'पंचवीस वर्षांपर्यंतच्या' हे शब्द अजूनही दोनदा वाचते. पान तिच्या हातात उघडं असतं, आणि मला तोंड लपवता येत नाही.