रात्रीत वाढलेलं दीड किलो

दीड किलो! काल सकाळी सत्त्याहत्तर होतं, आज साडेअठ्ठ्याहत्तर. मध्ये फक्त एक रात्र गेली. मी काट्यावरून उतरले, फडक्याने काटा पुसला, पुन्हा चढले. तोच आकडा. आईने तो माझ्या आधी वाचला, छातीवर क्रूस काढला आणि देव्हाऱ्यातल्या बाळ येशूकडे बघत राहिली, जणू त्या लेकरानेच मला रात्री उठवून भात वाढला होता.

“रात्री काय खाल्लंस, मनांग?” भावजय जोवीने विचारलं. मी घरात मोठी, म्हणून सगळे मला मनांगच म्हणतात. हाक आदराची, पण जोवीच्या तोंडून ती पोलिसाने मारल्यासारखी वाटते.

“लास्वा खाल्लं. भोपळा, भेंडी, शेवग्याचा पाला आणि पाणी. तूच तर शिजवलं होतंस.”

“तेवढ्याने दीड किलो?”

“नाही, मग उठून अख्खं डुक्कर भाजून खाल्लं. हाडं अंगणात पुरलीत, जा बघून ये.”

“हवा खाऊन कुणाचं वजन वाढत नाही, मनांग.”

वजनकाटा बैठकीत, देव्हाऱ्याच्या खाली ठेवायची अक्कल जोवीचीच. माझं वजन म्हणजे घरातली सकाळची प्रार्थना झाली होती. आई हजर, जोवी हजर, कधीकधी शेजारची कारिंगमावशीसुद्धा चहाचा कप घेऊन हजर. मी पातळ गाऊनमध्ये, कानातलेदेखील काढून ठेवलेले. आकडा उतरला की आई मेणबत्ती लावायची. चढला की घरात कुणी गेल्यासारखी शांतता.

आणि ते चुकीचं तरी कसं म्हणू? माझा धाकटा भाऊ आर्नेल, जोवीचा नवरा, याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा त्याला यंत्राला जोडतात. आमच्यापैकी फक्त माझी किडनी त्याला जुळली. डॉक्टर म्हणाले, “द्यायला हरकत नाही, पण या वजनावर मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. शहात्तरच्या खाली या.” तेव्हा मी चौऱ्याऐंशी होते. तीन महिन्यांची मुदत दिली होती. ती येत्या सोमवारी संपत होती, आणि मी साडेअठ्ठ्याहत्तरवर उभी होते.

इलोइलो शहरात माझी खानावळ आहे. दिवसभर भाताची पातेली उपसते, डुकराच्या मांसाचा रस्सा ढवळते, लोकांच्या ताटात वाढते, आणि स्वतः? भात सोडला. आमच्याकडे भात नाही खाल्ला तर माणूस जेवलाच नाही असं धरतात. तो मी सोडला. आधी चांगलं उतरलं. मग सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर असा खेळ सुरू झाला. एकदा भर उन्हात बाजारातून पोती वाहिली तर दुसऱ्या दिवशी किलोभर कमी. आईने तीन मेणबत्त्या लावल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी किलो परत. मी रात्रीचं जेवण अर्धं केलं, तर अर्धा किलो वर! डोक्यात तिडीक जायची. बाजारात मासेवाली मला बघून हाक मारते, “अगं, जाडी झालीस गं!” आमच्याकडे ‘कशी आहेस’च्या ऐवजी हेच विचारतात, एरवी मी हसते. त्या आठवड्यात मी तिच्या अंगावर धावून गेले.

मला सुख एकच उरलं होतं. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायचं आणि आर्नेल कैरी सोलून द्यायचा. गिमारास बेटावरची हिरवीगार, करकरीत कैरी, आणि सोबत गिनामोस, म्हणजे कोळंबी मिठात मुरवून केलेली लालसर चटणी. त्याला स्वतःला यातलं काही खायची परवानगी नाही. तो फक्त सोलायचा आणि मी खाताना बघायचा. “घे गं, फळच तर आहे,” म्हणायचा. खरंच की. फळाने कोण जाडं होतं?

तर त्या सकाळी जोवीने काटा उचलून भिंतीशी उभा केला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “द्यायची नसेल तर तोंडाने सांग, मनांग. असं चोरून खाऊन नको.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आईला वाटलं असेल की मी आता जोवीच्या झिंज्या धरणार, कारण ती मध्ये येऊन उभी राहिली. आर्नेल दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, वाटलं, हा आता बायकोला दटावेल. त्याने खाली बसून बूट घालायला घेतले.

तो त्याचा यंत्राचा दिवस होता. जोवीला कामावर जायचं होतं, म्हणून सोबत मी गेले. जीपनीच्या लांब बाकावर आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता.

डायलिसिसच्या खोलीत शिरल्या शिरल्या नर्स ग्लेझाने आर्नेलला काट्यावर उभं केलं. मी नेहमी बाहेर बाकावर बसायची. आज आत गेले.

“तीन किलो दोनशे वर,” ती म्हणाली, आणि खुशाल पुढच्या कामाला लागली.

“काय!” मी ओरडलेच. “कधीपासून?”

“परवापासून. मागच्या वेळेनंतर.”

“दोन दिवसांत तीन किलो? अहो, हा चिमणीएवढं खातो!”

ग्लेझा हसली. “खाण्याचं नाही ते, पाणी आहे. याच्या अंगातून पाणी बाहेर पडत नाही, ते साठतं. चार तासांत यंत्र काढून घेईल. इथे रोज सगळे असेच वर-खाली होतात.”

“पण मीसुद्धा रात्रीत दीड किलो वाढले,” मी म्हणाले, आणि बोलता बोलता माझा आवाज फुटला. “माझ्या किडन्या तर चांगल्या आहेत ना?”

तिने हातातली नळी खाली ठेवली. “मनांग, एका रात्रीत दीड किलो चरबी चढवायची तर तुम्हाला तुमच्या खानावळीतलं अख्खं पातेलं संपवावं लागेल. रोजचा आकडा पाण्याचा असतो. घाम गेला की उतरतो, पाळी जवळ आली की चढतो, पोट साफ झालं नाही तरी चढतो. महिन्यात किती खाली आलात ते बघायचं. काल काही खारट खाल्लंत का?”

“छे. लास्वा आणि कैरी.”

“कैरी कशाशी?”

“गिनामोसशी. कैरी काय साखरेशी खातात?”

“बघा! मीठ पाण्याला धरून ठेवतं. दोन-तीन दिवस बंद करा, तुमचं खरं वजन दिसेल. चौऱ्याऐंशीवरून आलात ना? तुम्ही उतरला आहात हो, वर पाणी बसलंय नुसतं.” मग ती आर्नेलकडे वळली. “आणि काय रे, नव्या पेशंटना मिठाचं व्याख्यान तूच देतोस. परवा त्या आजोबांना सुकटीवरून केवढं झापलंस! घरात बहिणीला नाही सांगितलंस?”

आर्नेलने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी त्याच्या मानेकडे बघत राहिले. लहानपणी खोटं बोलताना त्याची मान अशीच ताठ व्हायची. संध्याकाळची पायरी माझ्या डोळ्यांसमोर आली. कैरी कोण आणायचं? गिनामोसची वाटी कोण भरायचं? ग्लेझाने त्याच्या दंडात सुया घातल्या, यंत्र सुरू केलं आणि ती दुसऱ्या खुर्चीकडे गेली. आता तो चार तास कुठे पळणार नव्हता. मी स्टूल ओढलं.

“आर्नेल, तुला माहीत होतं.”

“तुला आवडतं म्हणून आणायचो.”

“आर्नेल!”

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, “लास्वातही पातिस ओतायचो. वाटी मीच आणून द्यायचो ना तुला.”

पातिस म्हणजे मासळीचं खारं पाणी, चमचाभर पुरतं. आणि मी, पंधरा वर्षं खानावळ चालवणारी बाई, महिनाभर म्हणत होते की जोवीचा हात खारट आहे! मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. माझा स्वतःचा भाऊ, ज्याच्यासाठी मी भात सोडला, तो माझ्या वाटीत मीठ कालवत होता आणि रोज सकाळी माझी फजिती बघत होता.

“तुझी बायको मला चोर म्हणाली,” मी म्हणाले. “तोंडावर म्हणाली. आणि तू बूट घातलेस!”

“मला वाटलं, डॉक्टरच नाही म्हणतील. मग कुणावरच ठपका येणार नाही.”

“मरायचंय का तुला?”

“तुला मारायचं नाहीये मला!” तो एवढ्या मोठ्याने बोलला, की पलीकडच्या खुर्चीतल्या बाईने डोळे उघडले. त्याने आवाज खाली आणला. “भावजी वर्षातले दहा महिने बोटीवर. तुझ्या पोरी अजून शाळेत. ऑपरेशनच्या टेबलावर तुझं काही झालं तर? आई मला काही बोलणार नाही. नुसती बघेल. मी तुझी किडनी घेऊन तिच्यासमोर जेवायला बसू?”

“मग नाही म्हणायचं होतंस.”

“कधी? आईच्या वाढदिवसाला? तू गाणं थांबवून माइक हातात घेतलास, मनांग. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. आई रडायला लागली. जोवी तुझ्या पाया पडली. मला कुणी विचारलं का?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तो दिवस मला लख्ख आठवत होता: भाजलेलं डुक्कर अजून कापायचं होतं, माझ्या अंगावर नवा पिवळा ड्रेस होता, आणि मी माइकवर जाहीर केलं होतं की माझी एक किडनी माझ्या भावाची. आर्नेलने मान खाली घातली होती. आम्ही सगळे म्हणालो, पोराला भरून आलं. मला किती बरं वाटलं होतं! त्याला काय वाटलं, हे मी आजपर्यंत, या घटकेपर्यंत, विचारलं नव्हतं. रागाला जायला आता जागाच उरली नाही.

“बरं, आत्ता विचारते,” मी म्हणाले. “जगायचंय तुला?”

त्याचा ओठ हलला. “हो.”

“मग?”

“म्हणून तर तोंड उघडत नव्हतो. उघडलं असतं तर मागितली असती.”

“मग माग.”

“वेड लागलंय का तुला? असं कुणी मागतं का?”

आमच्यात नाहीच मागत. मुलीला मागणी घालायची तरी मधला माणूस पाठवतात. तोंडावर मागणं म्हणजे समोरच्याला भिंतीशी दाबणं. पण मी तर त्याला माइक घेऊन दाबलं होतं.

“माग,” मी म्हणाले. “मी नाही म्हणाले तर नाही. जोवीला मी सांगेन, आईलाही सांगेन. तुझ्यावर काही येऊ देणार नाही.”

त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, “मनांग, तुझी एक किडनी मला देशील?”

तीन महिने मी ती देतच होते, सगळ्या गावाला सांगत होते. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं, आणि पहिल्यांदा कळलं की नाही म्हणता येतं. ती सुरी, ते टेबल, माझ्या दोन पोरी, सगळं एकदम समोर आलं. अंगाला दरदरून घाम सुटला. आर्नेलला ते दिसत होतं, तरी त्याने नजर काढली नाही, आणि प्रश्नही मागे घेतला नाही.

“मला खूप भीती वाटते रे,” मी म्हणाले.

“मलापण.”

“हो,” मी म्हणाले. “देईन.”