भाषणापुरती शांतता

मी एक जुना सायक्लोट्रॉन आहे. घाबरू नका, नावच तेवढं अवघड आहे, काम सोपं आहे. हायड्रोजनचे बारीक कण घ्यायचे, गोल गोल पळवायचे आणि वेग आला की शेजारच्या खोलीत झोपलेल्या पेशंटच्या गाठीवर सोडायचे. ते गाठीपाशी जाऊन थांबतात, पुढे जात नाहीत. माझी सगळी अक्कल एवढीच.

मित्रांनो, मला घडवायला तीन वर्षं लागली. माझ्या पोटात तारेची मोठाली वेटोळी आहेत. ती उणे दोनशे एकोणसत्तर डिग्रीला ठेवली की त्यातून वीज अजिबात न अडखळता धावते. ही थंडी एक पंप टिकवतो. धक-धक, धक-धक, सतत. पहिल्या वर्षी लोक येऊन माझे फोटो काढायचे. नंतर जाड भिंतीमागे मी आहे हेच विसरले. रोज यायचे ते फक्त पंप सांभाळणारे टेक्निशियन. भर उन्हाळ्यात स्वेटर घालायचे, म्हणून सगळे त्यांना गारठाकाका म्हणायचे.

तेव्हा सात वर्षांची एक मुलगी यायची. घरचे तिला बबडी म्हणायचे. उजव्या डोळ्यामागे गाठ, तीस सिटिंग ठरलेली. हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला पक्का करायचे.

"बाबा, नाक खाजतंय!"

स्पीकरवरून बाप म्हणायचा, "माझं खाजवू का? चालेल?"

"तुझं नको. तुझं मोठंय, वेळ लागेल."

एकोणीस सिटिंग झाली. डोळा वाचणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विसाव्या दिवशी सकाळी माझाच सत्कार होता. हजारावा पेशंट झाला म्हणून दारावर रिबीन लावली, कॉरिडॉरमध्ये खुर्च्या मांडल्या. मोठे साहेब माइक टकटकवून बघत होते.

"काका, तुमचं ते धकधक बंद करा जरा. माइकवर येतंय."

"साहेब, तो श्वास आहे त्याचा."

"दहा मिनिटं श्वास धरला तर मरतो का कुणी?"

सगळे हसले. काका नाही हसले. "दहा चालतील. पंधरा नाही चालणार," म्हणाले आणि पंप बंद केला.

पहिल्यांदाच एवढी शांतता झाली. साहेबांनी माझं कौतुक केलं. मग ते स्वतःबद्दल बोलायला लागले. नवव्या मिनिटाला काकांनी घड्याळ दाखवलं. साहेब माइकवरच म्हणाले, "आमच्या काकांना घाई झालीय!" टाळ्या पडल्या. काकांचा हात बटणावर होता. रिटायरमेंटला चार महिने राहिले होते. त्यांनी दाबलं नाही.

अठराव्या मिनिटाला माझी वेटोळी तापली. वीज अडखळली, तिची उष्णता झाली आणि सगळी थंडी गेली. भाषण तरी चालूच होतं.

पुन्हा गार व्हायला एकवीस दिवस लागतात. गाठ एकवीस दिवस थांबत नाही. म्हणून बबडीला खालच्या मजल्यावरच्या साध्या मशीनवर पाठवलं. त्याचे किरण कुठे थांबत नाहीत, आरपार जातात. बाप विचारत होता, "वरचं का नाही?" त्याला सांगितलं, मशीन जुनं झालंय. रिपोर्टमध्येही तेच लिहिलं. मित्रांनो, मी नऊ वर्षांचा होतो. बबडीपेक्षा दोनच वर्षांनी मोठा.

गाठ गेली. वर्षभराने बबडी तपासणीला आली. त्या दिवशी रिटायर झालेले काकाही सहज म्हणून आले होते. नंतर माझ्या पाइपला हात लावून त्यांनी जे पाहिलं ते मला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा डावा डोळा झाकला आणि उजव्या डोळ्यासमोर बोटं धरली.

"किती बोटं, बाळा?"

"अहो, आधी हात तर पुढे करा!" बबडी हसत म्हणाली.

खोलीत दुसरं कुणी हसलं नाही.

मी एकवीस दिवसांत बरा झालो. आता रोज काम करतो, कौतुकही होतं. ते मला नको. यंत्रांची काळजी घ्या, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी वेगळं सांगतो. ज्याला काम कळतं तो "नको" म्हणाला तर हसू नका. आणि ते काम तुम्हालाच कळत असेल, तर साहेबाचं भाषण संपायची वाट बघू नका. बटण दाबा.