हौदातली तान्ही टाचणी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीमागे कमळांचा जुना सिमेंटचा हौद आहे. तो आज बुजवायचा होता; गाड्या लावायला जागा हवी. मीटिंगमध्ये मी म्हटलं, त्यात टाचण्या, म्हणजे चतुरासारखे ते सुईएवढे बारीक उडते किडे, जन्मतात, त्यांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात. सेक्रेटरी मार्तंडकाका म्हणाले, "त्या डोंगरावरून उडत येतात गं. इथे जन्मलेली एक दाखव, मग बोलू."

म्हणून सकाळपासून मी आणि शेजारची नीलम कठड्याशी उकिडव्या. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. त्यात गेटवर डेब्रिजचा डंपर येऊन घुरघुरायला लागला.

"ती बघ, लाल!" नीलम ओरडली. "लाल म्हणजे तरुण मादी, तूच म्हणालीस ना?"

"तरुण आहे, तान्ही नाही. पंख बघ, वाळून खडखडीत झालेत. ही कुठूनही आलेली असेल."

"आणि ती हिरवी?"

"तीही मादीच, त्याच जातीची. वय वाढलं की लाल रंग जाऊन हिरवी होते."

"आपलं बरंय बाई, डाय तरी लावता येतो."

हसायलाही जोर लागत होता. मान खाली घातली, तेव्हा कमळाच्या देठावर ती दिसली. रंग न चढलेली, पांढुरकी, दुधाळ चकाकीच्या पंखांची. खाली तिचं रिकामं फोलपट चिकटलेलं.

काका आले. "कुठाय? दे हातावर."

"हात लावला तर पंख चुरगळतील, कायमचे. तुम्हीच बसा खाली."

"अगं, माझी कंबर..."

"माझे गुडघे विचारा."

नीलमच्या खांद्याचा आधार घेत काका टेकले. देठापाशी वाकून बघू लागले.

"हिचंच ना हे फोलपट?"

"हो. आत्ताच निघालीय."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. शेपटीचं टोक खालून जाड आहे ना, अंडी घालायची सोय तिथेच असते."

"मग घालणार कधी?"

"आठवडा तरी जाईल. आधी मोठी तर होऊ दे."

काकांनी गेटकडे हात हलवला. "ए, परत ने रे! पुढच्या आठवड्यात बघू."

नीलम माझ्या कानाशी लागली, "सांग ना, तोवर दुसरी निघेल म्हणून."

माझ्यात तेवढा जीव नव्हता. आठवडा तर आठवडा. काका अजून त्या टाचणीकडेच बघत बसले होते, आणि त्यांना उठवायचंही आम्हालाच होतं.